मायचे झिंगे

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

पोचले. गोंदियाहून सकाळची गाडी, खिडकीची जागा आणि समोर एक गृहस्थ, जे मोबाइलवर मोठ्या आवाजात भाषणं ऐकत होते. मी त्यांना शांतपणे सांगितलं की तुमची आवड साऱ्या डब्यावर सांडण्याइतकी चांगली नाही. ते सौंदडला उतरले. त्यांचं स्टेशन तेच होतं की नाही, देव जाणे.

अर्जुनीला प्रेमिलाने गाडी पाठवली होती. केशोरीपर्यंत दोन्ही बाजूंना कापलेला धान पडलेला, ऊन कोवळं, हवेत गवताचा वास. घर गावाबाहेर आहे, इटियाडोह धरणाच्या नहराला लागून. प्रेमिला दारातच उभी होती. अकरा वर्षांनी भेटलो. कॉन्व्हेंटच्या होस्टेलमध्ये पाचवीपासून दहावीपर्यंत आमचे पलंग शेजारी होते. पुढे ती समुद्री प्राण्यांची डॉक्टर होऊन तीस वर्षं परदेशी बेटांवर राहिली. मी गोंदियाच्या मुलींना चौतीस वर्षं बायोलॉजी शिकवली. ऑगस्टमध्ये तिचं पत्र आलं. आपण दोघी म्हाताऱ्या, माझं घर मला मोठं होतं, तुझी भाड्याची खोली तुला लहान होते, कायमची ये. मी खोली सोडली, कपाट आणि कुंड्या वाटून टाकल्या. सहासष्टाव्या वर्षी इतकं हलकं वाटेल असं वाटलं नव्हतं.

एक तक्रार. पत्रात ‘दोघी’ होतं. घरात नऊ जणी आहोत. तिच्या चुलत-मामे बहिणी, त्यांच्या मुली, सगळ्या तिच्या रक्ताच्या. हे लिहायला शाई संपली होती का, ते उद्या विचारीन.

आल्याआल्या सांगून टाकलं की पंचवीस तारखेला मी नागपूरला जाणार. दिव्याचं बाळंतपण डिसेंबरच्या मध्यावर आहे. माझ्या भावाची, संघदीपची मुलगी. चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून मी वाढवली. बाळाला पहिली आंघोळ आत्याच घालणार, असं तिला वचन दिलंय. प्रेमिला म्हणाली, अगं जा ना, त्यात काय.

चहा उत्तम आहे. आलं योग्य पडलेलं.

४ नोव्हेंबर, सोमवार

या घराला व्हरांडा नाही, बोळ नाही. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. कुणी नातलग आली की एक खोली जोडत गेले म्हणे. सगळ्यात आतली खोली प्रेमिलाची, आणि तिथे आठ फूट लांबीची काचेची टाकी. मिठाच्या गोण्या, पंप, इन्व्हर्टर. समुद्रापासून इतक्या दूर तिने समुद्र बनवून ठेवलाय.

टाकीत फणसाएवढा एक स्पंज आहे, शेणाच्या रंगाचा, भोकाभोकांचा. मी तोंड जवळ नेलं, तर ‘टक्’. मग एकदम सगळीकडून, कढईत फुटाणे फुटावेत तशी टकटक. मी दचकून मागे झाले. दारातल्या बायका हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

प्रेमिलाने समजावून दिलं, आणि खरं सांगते, चाळीस मिनिटं मी दहावीतली मुलगी झाले. बेटांच्या उथळ, कोमट प्रवाळांत हे स्पंज असतात. त्यांच्या नळ्यांत या कोळंब्या राहतात, नखाएवढ्या. एकेक नांगी मोठी. ती इतक्या झटक्याने मिटतात की पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो, आणि तो आवाज येतो. लहान मासा तेवढ्याने गारद. या स्पंजात तीनशेवर आहेत आणि सगळ्यांची आई एकच. बाकीच्यांना पिल्लं होत नाहीत. पिल्लं बाहेर जात नाहीत. थोराड नांगीच्या असतात त्या भोकांच्या तोंडाशी बसतात. परका आला की आधी एकजण नांगी वाजवते. तो हटला नाही तर सगळ्या एका तालात. आईला मोठी नांगी नसते. तिला लागतच नाही.

परका कसा ओळखतात, मी विचारलं. वासावरून, ती म्हणाली.

शामकला नावाची बाई मागून म्हणाली, ‘मायचे झिंगे हायेत बाई. परक्याले नाही सोडत.’ माय म्हणजे प्रेमिला. शामकला त्र्याहत्तर वर्षांची आहे, प्रेमिला सहासष्टची. मी मात्र हसले.

६ नोव्हेंबर, बुधवार

मला नहराकडची खोली हवी होती. दिली समोरची, दाराला लागून. वारा चांगला येतो म्हणे. आल्यागेल्याची कडी वाजते तीही माझ्याच कानात. काल पोस्टमन आला, आज मीटर वाचणारा. दोन्ही वेळा मीच उठले. बाकी सात जणींना जणू पाय नाहीत.

पाय मात्र माझे सुधारताहेत. टाकीचं थोडं पाणी रोज बदलावं लागतं. ते शामकला कोमट करून घमेल्यात आणते आणि मी गुडघ्यापर्यंत शेकत बसते. प्रेमिलाचा आग्रह. आज जिना नसल्याचं पहिल्यांदा वाईट वाटलं, भराभर चढले असते.

इथली एक रीत लिहून ठेवते. सकाळी प्रेमिला खुर्चीत बसते. बायका तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवतात आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडाकड मोडतात. अलाबला घेतात. मी शाळेत जाताना आजी माझी घ्यायची, सिस्टर लोकांना ते रानटी वाटायचं. पण आजी एकटी होती. इथे आधी त्यांच्यातल्या दुर्पताची बोटं वाजतात, मग सातही जणींची एकदम, एकच आवाज. प्रेमिला डोळे मिटून बसलेली असते. ती कुणाचीच घेत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

आज मंडई. दिवाळीनंतरची ही जत्रा म्हणजे इकडे पाहुण्यांचा दिवस. लेकी, जावई, व्याही, घराघरांत माणसं मावत नाहीत. आमच्याकडे पीठसुद्धा जास्त मळलेलं नव्हतं.

दुपारी एक कुटुंब आलं. बकाराम नावाचा माणूस, बायको, हातात जिलेबीचा पुडा. मी उठले. मागे आतल्या दारांत बायका उभ्या राहिल्या, एकामागे एक, आणि एकीची बोटं वाजली. मग सगळ्यांची.

मी दार उघडलं ते ‘या, बसा’ म्हणायलाच. पण निघालं भलतंच. जिलेबीच्या पुड्यावरून सुरुवात झाली, मग वर्षभर न दिसणाऱ्या आणि जेवणाच्या दिवशी उगवणाऱ्या नातलगांवर आले, मग त्याच्या बायकोच्या साडीवर. तो बिचारा म्हणाला, ‘माह्या सख्ख्या मावशीले भेटाले आलो जी, तुमी कोण बोलणाऱ्या?’ त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिणार नाही. बाई रडत गेली. जिलेबी पायरीवर राहिली.

आत वळले तर सगळ्या माझ्याभोवती. ‘भल्ली कडक बोलता जी तुमी. आमाले नाही जमत असं.’ दुर्पताने माझ्या गालांवरून हात फिरवला, बोटं मोडली. प्रेमिलाने माझा हात धरला आणि म्हणाली, होस्टेलपासून माझ्या वाटचं तूच बोलत आलीस.

खरं आहे. रेक्टरशी भांडले मी, तिचा डबा चोरणाऱ्या मुलीला रडवलं मी, तिच्यासाठी वर्गाबाहेर उभी राहिले मी. तिने आयुष्यात कुणाला वाकडा शब्द बोललेला नाही. केवढी गुणी मुलगी, सगळे म्हणायचे.

मला आनंद झाला होता. डायरीत खोटं लिहिण्यात अर्थ नाही. फार आनंद झाला होता.

१३ नोव्हेंबर, बुधवार

उजव्या हाताची बोटं सुजलीत, अंगठा विशेष. संधिवात. गुडघे फर्स्ट क्लास.

आज टाकीशी गेले तर शांतता. काचेला नाक लावलं. एकही टिचकी नाही. आधी बरं वाटलं, मग शिक्षिका जागी झाली. ट्रंकेतून गोंदियाहून आणलेली, इथे न धुतलेली साडी काढली आणि पदराचं टोक पाण्यात सोडलं. टक्. टकटकटकटक. स्पंजच्या प्रत्येक भोकातून नांग्या बाहेर.

मग त्याच जागी माझा हात घातला. काही नाही. एक जण बोटावर चढून मिशांनी चाचपून गेली.

मी त्यांची आहे. परकी आहे ती माझी साडी.

घमेलं. रोजचं पाणी. चार तारखेला तिने मला वासाचं सांगितलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी मीच त्यात पाय बुडवून बसले, गुडघ्यांसाठी. चौतीस वर्षं बायोलॉजी.

प्रेमिलाला जाब विचारला. ती हसली. म्हणाली, तू टीचर, तुला सगळं सांगितलं होतं, मला वाटलं कळून चाललंय. मी ठरवलंय, उद्यापासून घमेलं बंद.

१६ नोव्हेंबर, शनिवार

गुडघे इतके दुखतात की भिंत धरून चालते. घमेलं रोज पलंगाशी आणून ठेवतात. ठेवतात आणि जातात.

दुपारी दोन ते चार झोपले. स्वप्न नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

दिव्याचा फोन. आधी नुसतं रडत होती. मी काय झालं विचारलं तर म्हणाली, आत्या, काल तूच फोन केलास. तू म्हणालीस, मी तुझी दाई नाही. तू म्हणालीस, आईसारखीच तूही मरशील आणि आणखी एक माझ्या गळ्यात टाकून जाशील.

मी म्हटलं मी असं बोलणार नाही. काल दुपारी मी झोपले होते, वर लिहिलंय. फोन पाहिला. शनिवार, तीन वाजून पाच मिनिटं, दिव्याला केलेला कॉल, अकरा मिनिटं.

अकरा मिनिटं काय काय बोलले असेन. मला माझी जीभ माहीत आहे.

हात जोडून माफी मागितली. ती म्हणाली, तू ये फक्त. पंचवीसला ये.

येईन.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

प्रेमिला आंघोळीला गेली असताना टाकीजवळची निरीक्षणांची वही वाचली. दुसऱ्याची वही वाचू नये हे मीच मुलींना शिकवलं. असो.

डाव्या पानांवर कोळंब्या. उजव्या पानांवर घर. तेच सुवाच्य अक्षर, सिस्टर आग्नेस ज्याला दहापैकी दहा द्यायच्या.

‘समोरचे दार. कलाबाई. चार वर्षे. उजवा हात निकामी, आवाज गेला. बदल हवा.’

खाली मी: ‘अल्का. नात्यातली नाही, वासाची सोय करावी लागेल. पाणी पुरेल. लग्न नाही, मूल नाही. जीभ उत्तम, सहा वर्षे रोज पाहिली आहे. भाची एक, नागपूर. ते नाते तोडावे लागेल. मी काही करण्याची गरज नाही. ती स्वतःच तोडेल.’

चार ओळी. छप्पन वर्षांची मैत्री. मी रात्री तिच्या पलंगाशी बसून तिला ताप उतरेपर्यंत पाढे म्हणून दाखवलेत, कारण तिला पाढ्यांनी झोप यायची. ते कुठल्याच पानावर नाही. माझं आडनावसुद्धा लिहिलेलं नाही.

शामकलाला विचारलं कलाबाई कुठे. ‘तिचं झालं जी. आता तुमी हाव.’ भाजी निवडत राहिली.

प्रेमिलाशी बोलले नाही. बोलले असते तर माझी जीभ पहिल्यांदा कमी पडली असती.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बॅग भरली. दाराला कुलूप नव्हतं. कुणी अडवलं नाही. प्रेमिला म्हणाली, जेवून तरी जा. हा अपमान वेगळाच.

केशोरीच्या स्टॅन्डपर्यंत भर दुपारी चालत गेले, गुडघे ओढत. बस आली. चढले. शेजारी एक बाई लेकराला घेऊन, म्हणाली, ‘बसा ना माय, सरकतो मी.’ चांगली बाई. आणि मला तिचा वास आला. तेल, दूध, घाम, कांदा. मागच्याचा, पुढच्याचा. साऱ्या बसचा. परका. माझ्या तोंडात शब्द गोळा व्हायला लागले, तिच्यासाठी, लेकरासाठी, एवढेसे पाय होते त्याचे

उतरले. ड्रायव्हर ओरडला काहीतरी.

घराचं दार उघडंच होतं. आत आल्यावर श्वास मोकळा झाला. घमेलं तयार होतं. पाय घातले. रडले, पण पाय घातले.

२३ नोव्हें.

डाव्या हाताने लिहितेय. उजवा आता पेन धरत नाही. अंगठा आणि तर्जनी, बाकीची बोटं त्यांच्याआड गेल्यासारखी. मिटला की वाजतो. आपोआप.

सकाळी अलाबला घेतली. मीही. रांगेत मी पहिली. माझा आवाज सगळ्यात मोठा, दुर्पता म्हणाली. लाजले.

एक गोष्ट लक्षात आलीय. बोलताना मी माझी नसते. लिहिताना अजून असते. डावा हात कुणी विचारात घेतलेला नाही.

२४

मी येणार नाही म्हणाले, म्हणून दिव्याच येतेय. उद्या. गाडी करून. ती येऊ नये म्हणून फोनवर मी जमेल तेवढं वाईट बोलले, या वेळी जाणूनबुजून, जागी राहून. ती ऐकत राहिली. म्हणाली, ही तू नाहीस आत्या, मी न्यायला येते.

प्रेमिला ऐकत होती. विचारलं तिला — स्पंजात दुसरी आली, अंडी पोटाशी घेऊन, तर? तिने सांगितलं. टाकी पहिल्यांदा दाखवतानाच्याच आवाजात, काचेवर बोट ठेवून, कुठून धरतात, किती जणी लागतात, आधी काय तोडतात —

लिहीत नाही.

त्यातलं काही वाईट आहे असं तिला वाटत नाही. मला वाटायला वेळ लागला. मिनिटभर. मिनिटभर मी मान डोलावत होते.

२५

सकाळपासून रांग. आतल्या प्रत्येक दारात एक. स्वयंपाक नाही. प्रेमिला आत, टाकीशी. तिचं नेहमीचंच — बाहेर काय होतं ते तिला दिसत नाही.

ठरलंय. दार मी उघडणार. उंबऱ्याच्या आत पाऊल पडता कामा नये. दारातच असं बोलेन की पुन्हा तोंड बघणार नाही माझं. तिच्यासाठी. हा विचार माझाच ना? की समोरच्या दाराचा — दोन्हीकडून निघतं तेच, हाकल तिला

पण ती जाईल ती हेच घेऊन जाईल. आत्याने हाकललं. आयुष्यभर. नको.

वही. माझी ही वही खिडकीतून टाकेन तिच्या पायाशी.

गाडीचा आवाज. नहराच्या पुलावर.

दिव्या, बाळा, मी दारात काय बोलेन ते ऐकू नकोस, हे वाच. ते माझं नाही. माझं हे. आत येऊ नकोस. गाडीत बस आणि जा. तू चार वर्षांची होतीस, माझ्या पदराची गाठ धरून झोपायचीस, मी रात्रभर कूस बदलत नव्हते, ते माझं. बाळाला पहिली आंघोळ तूच घाल, पाणी आधी कोपराने बघ, ते माझं. मी तुला कधी —

उतरली. कमरेवर हात. केवढं पोट. हसतेय, खिडकीकडे बघून हसतेय —

वाजलं. पहिलं. दुर्पता नाही. माझाच हात

दिव्या पळ. पळ बाळा. मी तुला काही होऊ

वास आला. तेल, आणि दूध. कुणी बोलावलं तुला इथं. पोट पुढे काढून आमच्या दारात, आमची माय आत बसलेली असताना, तू कोण लागतेस गं आम